फक्कीतले घर

त्याने बांधलेल्या घरांपेक्षा न बांधलेली घरे तालुक्यात जास्त प्रसिद्ध होती. तामलवाडीत एक मोकळा प्लॉट लोक अजूनही दाखवतात. "हितं त्येचं घर हुतं," असे सांगतात. ते घर सकाळी उभे राहिले, एका कुटुंबाने त्यात स्वयंपाक केला, जेवण केले, भांडण केले, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात ते उडून गेले. सांगणाऱ्याच्या आवाजात आश्चर्य नसते. घर आखणारा आर्किटेक्ट होता आणि त्याची घरे अशीच असत, एवढे लोकांनी मान्य करून टाकले होते.

मी तेव्हा तुळजापुरात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. शेजारच्या खोलीत त्याने कार्यालय उघडले. मधली भिंत प्लायवूडची होती. त्यामुळे त्याच्या व्यवसायाची सुरुवात मी ऐकून सांगू शकतो. पाहण्यासारखे तेव्हा तिथे फारसे काही नव्हते.

पाटीवर त्याने नाव, खाली 'वास्तुविशारद' आणि त्याखाली 'तुळजापूर, जि. उस्मानाबाद' असे लिहून घेतले होते. पहिले काही महिने जे लोक जिना चढून आले, ते देवघराचे तोंड कुठल्या दिशेला असावे हे विचारायला. तो त्यांना खुर्ची आणि पाणी देई आणि म्हणे, "देव कुठंही तोंड करून बसतो. तुम्ही कुठं बसता ते सांगा." लोक पाणी पिऊन निघून जात. पुढे जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा पेंटर येऊन पाटीवर 'धाराशिव' लिहून गेला. त्या वर्षात त्या कार्यालयाचे पूर्ण झालेले काम तेवढेच.

दिसायला तो किरकोळ होता. पँटच्या खालच्या कडा कायम पांढऱ्या. कुठल्याही घरात गेला की आधी जमिनीवर बसून बघे, मग खुर्चीवर, मग उंबऱ्यावर. लग्नाच्या पंगतीत जेवायच्या आधी हात धुवायची जागा बघून येई आणि ती चुकीच्या ठिकाणी असेल तर यजमानाला तसे सांगे. कार्यालय उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो माझ्या खोलीत आला, न विचारता माझे टेबल उचलून त्याने दुसऱ्या भिंतीला लावले. "दाराकडं पाठ करून बातम्या लिहू नका. माणूस आला की दचकता तुम्ही." मी दचकत होतो, हे त्याने प्लायवूडपलीकडून कसे ओळखले ते माहीत नाही. टेबल माझी बदली होईपर्यंत तिथेच राहिले.

तुळजापुरात घर बांधणाऱ्याची मागणी ठरलेली असते. खाली दुकाने, मधल्या मजल्यावर भाविकांसाठी भाड्याच्या खोल्या, गच्चीवर आपण. एका गृहस्थांनी त्याला हे सविस्तर समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे घर भाविकांचं, आणि पाहुणे तुम्ही?" गृहस्थ परत आले नाहीत. बाकीचे लोक मोबाइलमध्ये कुठल्या तरी शहरातल्या काचेच्या बंगल्याचा फोटो घेऊन येत आणि "एलेव्हेशन असं पायजे" म्हणत. तो मोबाइल हातात घेई, टेबलावर पालथा ठेवी आणि आपला पहिला प्रश्न विचारी.

"तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही?"

या प्रश्नाने त्याचे किती ग्राहक घालवले, ते सांगता येणार नाही. एक उत्तर मात्र प्लायवूडमधून स्पष्ट ऐकू आले होते. "आवो, म्या नकाशा काढायला आलोय, सोयरीक जमवायला न्हाय."

"बेडरूम किती हे कुणीही सांगतं," त्याने शांतपणे उत्तर दिले होते. "जे बोलत नाहीत त्यांना रोज किती वेळा समोरासमोर यावं लागणार, ते घर ठरवतं. मला ते आधी कळलं पाहिजे."

त्याच्या प्रत्येक नकाशात एक छोटी जागा असे. बसायला कट्टा, बाहेर बघायला खिडकी, आत यायला दार नसलेली फट. घरातल्या माणसाला राग आला तर त्याने घर न सोडता कुठे जायचे, याचे ते उत्तर होते. पहिल्या नकाशावर त्याने तिथे 'रुसायची जागा' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. मंजुरीच्या टेबलावर तो नकाशा इतक्या लोकांनी आनंदाने पाहिला की मंजूर करायचा राहून गेला. तेव्हापासून तो त्या जागेवर 'स्टोअर' असे लिहू लागला. हा शब्द पुढे महागात पडला. ते येईलच.

बायको पुण्यात बँकेत होती. तिचा फोन तो स्पीकरवर ठेवून रेघा मारत असे, त्यामुळे त्या दोघांचा करारही मला ठाऊक होता. "दिवाळीपर्यंत तुझ्या नकाशावर एक स्लॅब पडू दे," ती म्हणाली होती, "मी बदली मागून तिकडं येते. नाही पडला तर तू परत ये. सरांनी खुर्ची तोवरच ठेवलीय." सर म्हणजे पुण्याच्या मोठ्या फर्मचे मालक, जिथे तो आधी नोकरी करत होता. तिथे तो मॉलच्या जिन्यांचे कठडे काढत असे. त्याला परत जायचे नव्हते. म्हणजे प्रश्न एका स्लॅबचा होता. आमच्या भागात रोज कुठे ना कुठे स्लॅब पडतो. त्याचा पडत नव्हता, कारण त्याआधी फक्की पडायची.

फक्की म्हणजे शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेघा मारायची ती पांढरी पूड. नकाशा पक्का करण्याआधी तो ग्राहकाच्या प्लॉटवर संपूर्ण घर खऱ्या मापात फक्कीने आखायचा. भिंतीला दुहेरी रेघ, दाराच्या जागी रेघेत फट, खिडकीच्या जागी तुटक रेघ. मग घरातल्या सगळ्यांनी एक दिवस त्यात राहायचे. चूल, घागर, बाज, म्हाताऱ्या माणसाची औषधे, सगळे आणायचे. नियम एकच, भिंतीतून जायचे नाही. तो स्वतः प्लॉटच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात शिट्टी अडकवून बसे. कोणी भिंतीतून गेले की शिट्टी वाजे आणि त्या माणसाला परत जाऊन दारातून यावे लागे.

गावात याला गर्दी होत असे. काही घरांत पाहुण्यांना मुद्दाम त्या दिवशी बोलावले जाई. शिट्टी वाजायच्या आत बघे "आउट!" म्हणून ओरडत. मी त्यावर एक बातमी केली होती. ती जिल्हा आवृत्तीत क्रीडा पानावर लागली.

तामलवाडीचे घर दोन भावांचे होते. एकत्र शेती, एकत्र स्वयंपाक, एकत्र राहायचा निर्धार. पहिल्या प्रश्नावर दोघेही एका आवाजात म्हणाले होते, "आमच्यात समदे बोलत्यात." फक्कीच्या दिवशी सकाळ बरी गेली. उन्हे वर आल्यावर मोठ्या जावेच्या लक्षात आले की पाण्याकडे जायला प्रत्येक वेळी धाकटीच्या दारावरून जावे लागते.

"वैनी, घागर घिऊन किती डाव जाताव ओ दारावरनं?" धाकटी आतून, म्हणजे रेघेपलीकडून म्हणाली.

"मग काय भिंतीतनं जाऊ व्हय? शिट्टी वाजवतंय ते."

"जातानी आत कशाला बघताव, म्हणायलेय म्या."

"भिंत हाय की मधी. म्या कुठं बघितलं?"

ही भिंत जमिनीपासून एक बोटही उंच नव्हती. भांडण मात्र पूर्ण उंचीचे झाले. जेवण दोन ठिकाणी झाले. संध्याकाळी दोन्ही भाऊ त्याच्याकडे आले आणि म्हणाले की त्यांना वेगवेगळी घरे हवीत. त्याला फार आनंद झाला. परत येताना तो मला म्हणाला, "घर यशस्वी झालं. बांधल्यावर हे कळलं असतं तर जन्मभर पुरलं असतं." भावांनी दोन्ही घरांचे काम सोलापूरच्या एका माणसाला दिले. त्याने कोणालाही काही विचारले नाही.

तामलवाडीच्या त्या फक्कीच्या दिवशीच दुपारी रस्त्यावर एक जीप थांबली आणि तिच्यातून जळकोटचे गुत्तेदार उतरले. आमच्याकडे कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. शाळाखोल्या, पूल, सभागृहे, पाण्याच्या टाक्या, तालुक्यातले निम्मे सिमेंट त्यांच्या हाताखालून गेले होते. अंगाने भारदस्त, कपाळावर विभूती, पांढरे धोतर. समोरून येणारा प्रत्येक जण "शरणार्थ, अप्पा" म्हणत होता. ते गर्दीतून पुढे आले, फक्कीकडे बघितले आणि मोठ्याने म्हणाले, "कबड्डी कवा हाय?" मग स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत शिरले, बैठकीतून सरळ चालत गेले आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडले. शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. गुत्तेदार थांबले नाहीत. बघ्यांपैकी एकालाही "आउट" म्हणायचे सुचले नाही.

शिट्टी वाजवणारा त्यांचा मुलगा होता.

दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याचे कारण सगळ्या जळकोटला माहीत होते. तो शिकून आला तेव्हा गावाने त्याचा सत्कार ठेवला होता, अप्पांनीच बांधलेल्या सभागृहात. अप्पांनी 'आणि सन्स' अशी नवी पाटीही करून ठेवली होती. सत्काराला उत्तर देताना मुलगा म्हणाला की या सभागृहात दुसऱ्या रांगेच्या मागे शब्द ऐकू जात नाही, कारण ते सभागृह नसून खिडक्या असलेले गोदाम आहे. मागच्या लोकांनी "काय म्हणायलाय? काय म्हणायलाय?" असे एकमेकांना विचारून त्याचे म्हणणे खरे ठरवले. अप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांना सगळे ऐकू गेले.

तेव्हापासून बाप मुलाला 'कागदवाला' म्हणे आणि मुलगा बापाला 'गुत्तेदार'. माझ्यासमोर तो वडिलांबद्दल बोललाच तर बांधकामाच्या दर्जाबद्दल बोलत असे. आपला पहिला प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला होता का, हे मी त्याला विचारले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मजल्यावर रोज चढउतार करत होते.

अणदूरचे गुरुजी आले ते श्रावणात. शाळेतून निवृत्त झालेले, खंडोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्लॉट, मुले नोकरीला बाहेरगावी. घरात दोघेच. सोबत बायको होती. तिला गावात सगळे काकू म्हणत. पहिला प्रश्न विचारला गेला तसे गुरुजी म्हणाले, "आमच्यात तसा प्रकार नाही. आम्ही बोलतो."

"बोलत्यात की," काकू म्हणाल्या. "वर्गात बोलल्यासारखं."

मग त्याचा आवाज आला. "काकू, तुम्हाला राग आला की तुम्ही कुठं बसता?"

"कुठं बसणार बाबा? न्हाणीत."

"न्हाणीत?"

"आतनं कडी असलेलं दार तेवढं एकच हाय घरात. नळ सोडून बसते. पाणी नसंल तवा नुसतीच बसते."

इतक्या वर्षांत नळ का वाहतो याची चौकशी गुरुजींनी पाण्याच्या काटकसरीच्या अंगाने केली असावी.

त्या घराचा नकाशा मी पाहिला आहे. सगळे घर त्या एका जागेभोवती फिरत होते. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या मध्ये कट्टा, कट्ट्याला लागून रस्त्याकडे खिडकी. तिथे बसलेल्या माणसाला देवळाकडे जाणारी माणसे दिसावीत, जाणाऱ्याला बसलेला दिसू नये. कागदावर अर्थातच लिहिले होते, 'स्टोअर'.

फक्कीचा दिवस पार पडला. काकू दुपारचे जेवण उरकून त्या जागेत विटांवर बसल्या त्या दिवस कलेपर्यंत उठल्या नाहीत. गुरुजींनी बैठकीतून दोनदा चहाचे विचारले. उत्तर आले नाही. तेव्हा ते उठून स्वतः चुलीकडे गेले, दारातून गेले, आणि त्यांनी चहा केला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी त्याच संध्याकाळी कार्यालयात येऊन नकाशा मान्य केला, एका अटीवर.

"नकाशा तुमचा," ते म्हणाले. "बांधकाम मात्र तुमच्या वडिलांचं. त्यांचा स्लॅब गळत नाही."

त्याने नाही म्हणायचा विचार केला असावा, कारण नकाशाची गुंडाळी करून पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. मग तो "ठीक आहे" म्हणाला. दिवाळी लांब नव्हती. अप्पांनीही काम घेतले. गुरुजी त्यांच्या गावच्या शाळेत शिकवून गेलेले, आणि मास्तरला नाही म्हणायची अप्पांची पद्धत नव्हती.

काम सुरू झाले तसे मी दोन-तीनदा अणदूरला जाऊन आलो. बातमीसाठी नव्हे, ऐकण्यासाठी. बाप आणि मुलगा एकाच खड्ड्याच्या दोन काठांवर उभे असत, मध्ये गुरुजी.

"गुरुजी, त्या कागदवाल्याला इचारा, ह्यो कॉलम काय हवेत टांगायचाय का?"

गुरुजी मुलाकडे वळून म्हणत, "अप्पांना कॉलमच्या जागेविषयी थोडी शंका आहे."

"गुत्तेदारांना सांगा, जमिनीतच आहे. चष्मा लावून बघा म्हणावं."

गुरुजी अप्पांकडे वळून म्हणत, "त्याची विनंती आहे की नकाशा पुन्हा एकदा पाहावा."

"साकु, साकु," असे म्हणून अप्पा हात झटकत. रागावले की ते 'पुरे' कन्नडमध्ये म्हणत. त्यांची माणसे कर्नाटकातल्या आळंदकडची होती, ती हसू दाबून घमेली उचलत. अशा रीतीने पाया भरला, जोते आले, भिंती चढल्या. माझ्या पाहण्यात दोन विभागांमधला पत्रव्यवहार इतका सुरळीत कधी झालेला नाही. गुरुजींची तब्येतही सुधारली.

निकाल आधीच सांगून टाकतो. बातमीत तो वरच लिहायची सवय आहे. स्लॅब दिवाळीआधी पडला नाही. पुण्याची खुर्ची दुसऱ्याला गेली. बायको तरीही बदली मागून तुळजापूरला आली. भाड्याच्या घरात पाऊल टाकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "यात स्टोअर कुठं आहे?" तिला अणदूरची हकीकत कळली होती. ती हकीकत अशी.

भिंती स्लॅबच्या उंचीला आल्या आणि तो बायकोला भेटायला पुण्याला गेला. परत आला तो थेट अणदूरच्या प्लॉटवर. स्लॅबच्या फळ्या येऊन पडल्या होत्या. दिवाळीआधी काम होणार, यात शंका नव्हती. फक्त काकूंच्या जागेची रस्त्याकडची खिडकी विटांनी बंद झाली होती. आत यायच्या फटीत लोखंडी चौकट बसवली होती, चौकटीत दार होते आणि दाराला कडी होती. कडी बाहेरून होती.

गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन जे सांगितले ते त्यांनी पहिल्यांदाच शब्द न बदलता सांगितले. अप्पा म्हणाले होते, "पोरगं हाय, चुकतं. स्टोअरला कुणी रस्त्याकडनं खिडकी ठेवतं का? पोती चोरीला जातील. दार बी काढायचं इसरलंय. म्या दुरुस्त केलं. त्येला काय बोलू नका, आन् लोकात बी सांगू नका. हसतील त्येला."

इतक्या वर्षांत अप्पांनी मुलाच्या बाजूने केलेली ही पहिली गोष्ट होती. मुलाच्या नकाशातली एकच जागा कशासाठी आहे हे त्यांना कळले नव्हते, आणि नेमकी तीच त्यांनी मुलाची लाज राखण्यासाठी बुजवली होती.

"काकू कुठं आहेत?" त्याने विचारले.

गुरुजींनी प्लॉटला लागूनच असलेल्या आपल्या जुन्या घराकडे पाहिले. आतून नळाचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत येऊन बसला, दाराकडे पाठ करून. त्याच्यापुढे दोन मार्ग होते आणि दोन्ही त्याने मला बांधकामाच्या भाषेत सांगितले. भिंत फोडायला सांगितली, तर अप्पांनी माणसांसमोर केलेले काम माणसांसमोर मोडल्यासारखे होईल. ते गाड्या भरून दुसऱ्या कामावर जातील आणि स्लॅब दिवाळीनंतर कधी तरी पडेल. नाही सांगितली, तर स्लॅब वेळेवर पडेल, बायको येईल आणि काकू न्हाणीत बसतील.

"गुरुजींकडून निरोप द्या," मी म्हणालो.

"नाही," तो म्हणाला. "हा निरोप गुरुजी फार चांगला देतील."

सकाळी त्याने मला मोटारसायकल काढायला लावली. मागे तो आणि त्याच्या मांडीवर फक्कीचे पोते. वाटेत पोते कुठे तरी फाटले. अणदूरला पोचलो तेव्हा आम्ही दोघे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. गवंडी हसले. अप्पा बाजेवर बसून होते, त्यांनी पाहिले नाही असे दाखवले.

बांधकामाच्या शेजारी रस्त्याला लागून मोकळी जागा होती. तिथे त्याने फक्त ती एक खोली आखली. दुहेरी रेघा, रस्त्याकडे तुटक रेघ, मागे आत यायची फट. कट्ट्याच्या जागी विटा रचल्या. मग तो लांब जाऊन आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. शिट्टी गळ्यात होती. कोणाला काही सांगितले नाही. ज्या माणसाला सांगायचे होते त्याच्याशी तो बोलत नव्हता.

बराच वेळ काही घडले नाही. गवंड्यांनी काम थांबवले होते. शेवटी जुन्या घरातून काकू बाहेर आल्या, आखलेल्या रेघांकडे पाहिले, आणि अप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा, जरा तितं जाऊन बसा."

"कशाला ओ काकू? स्टोअरमधी म्या बसून काय करू?"

"स्टोअर न्हाय ते. माझं हाय."

"तुमचं म्हंजी?"

"राग आला की बसायचं. रस्ता बघत."

अप्पांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी जमिनीकडे बघत होते. त्या दिवशी ते कोणाचेही बोलणे कोणाला गोड करून सांगणार नव्हते.

"आन् आतापतूर कुठं बसत हुता?" अप्पांनी विचारले.

काकूंनी मागे हात केला. न्हाणीचे दार उघडेच होते. आत उलटी घातलेली बादली दिसत होती.

अप्पा उठले. तामलवाडीला स्वयंपाकघर आणि बैठक तुडवत गेलेला माणूस रेघेपाशी येऊन थांबला. मग सगळ्या खोलीला वळसा घालून ते मागच्या फटीपाशी गेले. तिथे त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन विटांवर बसले. समोरून देवळाकडे माणसे चालली होती. एका-दोघांनी सवयीने "शरणार्थ" म्हणायला हात वर केला, पण अप्पांनी पाहिले नाही तसा खाली घेतला. त्या जागेचा उपयोग असा लगेच सिद्ध झाला.

ते किती वेळ बसले हे मी मोजले नाही. नंतर मान न वळवता त्यांनी मिस्त्रीला हाक मारली.

"फोड ती भिंत. दार बी काढ."

"अप्पा, मग स्लॅबचं सेंट्रिंग आज लागायचं न्हाय. सणाच्या आदी—"

"साकु. फोड म्हणलं न्हवं?"

घण पडू लागले. दिवाळी गेली, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. त्यालाही कळले. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. भिंत अर्धी खाली आली तरी अप्पा आपल्या फक्कीच्या खोलीतून बाहेर यायचे चिन्ह नव्हते. पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. कशाचा राग आला होता ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्या जागेत कोणी सांगायचे नसते.

काकूंनी चहा केला. सगळ्यांना दिला आणि एक कप त्याच्या हातात ठेवला. अप्पांकडे बोट केले नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. तो कप घेऊन निघाला. कप काठोकाठ भरलेला, नजर कपावर. ज्याने सबंध तालुक्याला शिट्टीवर दारातून चालायला लावले होते, तो सरळ चालत गेला आणि त्याने भिंतीतून आत पाय टाकला.

"भिंत हाय तितं," अप्पा रस्त्याकडे बघतच म्हणाले. "दारातनं ये."

तो थांबला. टाकलेला पाय त्याने मागे घेतला. मग चहा न सांडता, सगळ्या खोलीला वळसा घालून, तो दाराकडे गेला.